फेकून दिलेल्या चित्रांचे मोल

सात मिनिटांच्या कार्टूनपटात सुमारे दहा हजार चौकटी असतात. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने आकडा १०,०८० भरतो. एकेक चित्र दोन-दोन चौकटींसाठी वापरून काम निम्म्यावर आणले, तरी सतत हलणाऱ्या एका पात्रासाठी पाच हजारांच्या घरात चित्रे लागू शकतात. मांजर उंदरामागे धावत असेल, तर दोघांची वेगवेगळी. शिवाय प्रत्येक चित्र आधी कागदावर पेन्सिलने आणि मग पारदर्शक पत्र्यावर शाई-रंगाने, असे दोनदा तयार व्हायचे. १९३० ते १९६० या तीन दशकांत अमेरिकेतल्या डिस्नी, वॉर्नर ब्रदर्स, एमजीएम यांसारख्या स्टुडिओंनी असे शेकडो लघुपट आणि मोजके पण प्रचंड मेहनतीचे पूर्ण लांबीचे चित्रपट काढले. त्यासाठी काढलेल्या चित्रांची संख्या कोट्यवधींत जाते.

स्टुडिओच्या लेखी ही चित्रे म्हणजे केवळ साधन होते. विकायचा होता तो चित्रपट. कॅमेऱ्याने चित्र टिपले की त्याचे काम संपले. म्हणून त्यांतली बहुतेक चित्रे धुऊन पुसली गेली, कचऱ्यात गेली, जाळली गेली, नाहीतर पाहुण्यांना भेट म्हणून दिली गेली. जे वाचले ते आज लिलावगृहांत आणि संग्रहालयांत आहे. कार्टूनपटांच्या मूळ कलाकृती गोळा करण्याचा छंद या उरलेल्या अंशावर उभा आहे. या छंदाने एक मोठा ठेवा वाचवला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाजाराने ज्याला डोक्यावर घेतले आणि ज्याकडे पाठ फिरवली, त्यात फार मोठी गफलत आहे. लोकप्रिय पात्राचा चेहरा महाग झाला आणि त्या चेहऱ्याला चालवणारे, रंगवणारे, त्याच्यामागे जग उभे करणारे हात विस्मरणात गेले. संग्राहकाने पहिला प्रश्न ‘हे चित्र कोणत्या पात्राचे?’ असा न विचारता ‘कोणत्या चित्रपटातले, कोणत्या दृश्यातले आणि कोणाच्या हातचे?’ असा विचारायला हवा. या लेखातला आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

काय काय गोळा करतात?

मूळ कलाकृती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘सेल’, म्हणजे चित्र रंगवलेला तो पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, येते. पात्र पारदर्शक पत्र्यावर काढायचे आणि मागे स्थिर पार्श्वचित्र ठेवायचे, या युक्तीचे पेटंट अर्ल हर्ड यांना १९१५ साली मिळाले. जॉन ब्रे यांच्याबरोबर त्यांनी ते इतर स्टुडिओंना वापरायला दिले आणि पुढची पंचाहत्तर वर्षे बहुतांश अ‍ॅनिमेशन याच रीतीने झाले. पत्र्याच्या दर्शनी बाजूवर शाईने रेषा काढत आणि उलट बाजूवर रंग भरत. त्यामुळे समोरून पाहताना रंग सपाट आणि नितळ दिसतो. सेल उलटी केली की रंगाचे थर, ब्रशचे फटकारे आणि भरण्याचा क्रम उघडा पडतो. जाणकार संग्राहक म्हणूनच सेलची मागची बाजू आधी पाहतो.

पण सेल हा या प्रवासातला जवळजवळ शेवटचा टप्पा. त्याआधी कथाफलकावरची छोटी रेखाटने असतात. त्यांतून गोष्ट ठरते. संकल्पनाचित्रे असतात, त्यांतून चित्रपटाचा रंग आणि भाव ठरतो. मांडणीचित्रे असतात, त्यांत कॅमेरा कुठे असेल आणि पात्र कुठून कुठे जाईल हे ठरते. मग येतात अ‍ॅनिमेटरची पेन्सिल-रेखाटने. त्यांच्या कडेला बहुधा एक छोटी मोजपट्टी आखलेली असते: या चित्रापासून त्या चित्रापर्यंत मध्ये किती चित्रे, आणि ती कुठे दाटीने, कुठे विरळ. पात्राचा वेग, वजन, दचकणे, थबकणे हे सारे त्या मोजपट्टीत लिहिलेले असते. कागदाच्या खालच्या कडेला खुंटीची भोके असतात. सगळी चित्रे एकाच जागी बसावीत म्हणून ती पाडलेली. दृश्यक्रमांक आणि चित्रक्रमांक कोपऱ्यात असतो. पार्श्वचित्रे जलरंगात किंवा गवाश या अपारदर्शक जलरंगात रंगवलेली, आणि एका दृश्याला बहुधा एकच. सेल शेकड्यांनी असल्या तरी पार्श्वचित्र एकटेच असल्यामुळे ते दुर्मीळ आणि महाग ठरते. एखादी सेल आणि पडद्यावर तिच्यामागे खरोखर दिसलेले पार्श्वचित्र एकत्र मिळणे, हा या छंदातला सर्वोच्च योग मानला जातो.

वॉर्नर ब्रदर्सचे दिग्दर्शक चक जोन्स यांचा १९५३चा लघुपट ‘डक अमक’ पाहिलेल्याला हे सगळे टप्पे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. त्यात डॅफी डकच्या मागचे पार्श्वचित्र मध्येच संपते, त्याला भलत्याच रंगात रंगवले जाते, खोडरबर येऊन त्याला पुसून टाकते, चौकटीची कडाच त्याच्यावर कोसळते. शेवटी चित्र काढणारा म्हणून बग्ज बनी समोर येतो. प्रेक्षकाला एरवी कधीच न दिसणारी सामग्री तिथे गोष्टीचा विषय झाली आहे. कार्टून ही हाताने, थरावर थर रचून केलेली वस्तू आहे, हे इतक्या मोकळेपणाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

नष्ट का झाले?

त्या काळात सेल स्वस्त नव्हती. छोटे स्टुडिओ आणि मंदीच्या दिवसांत मोठे स्टुडिओही वापरलेली सेल पाण्याने धुऊन पुन्हा वापरत. युद्धकाळात टंचाईमुळे ही सवय आणखी वाढली. दुसरे कारण आगीचे. सुरुवातीच्या सेल नायट्रेटच्या होत्या आणि नायट्रेट भडकन पेटते. अशा पत्र्यांचे ढीग गोदामात साठवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. तिसरे कारण जागेचे. वॉर्नर ब्रदर्सने १९६३ साली आपला कार्टून स्टुडिओ बंद केला. जुन्या सेल जागा मोकळी करण्यासाठी नष्ट केल्या गेल्याची हकिगत चक जोन्स पुढे सांगत असत. बग्ज बनीच्या सुवर्णकाळातल्या सेल इतक्या विरळ का, याचे उत्तर अशा निर्णयांत आहे.

डिस्नीत मात्र एक फरक होता. सेलची पर्वा तिथेही फारशी नव्हती, पण पेन्सिल-रेखाटने, पार्श्वचित्रे आणि संकल्पनाचित्रे पुढच्या कामात संदर्भ म्हणून लागतील, या हिशेबाने त्यांतली पुष्कळशी ठेवली गेली. त्या साठ्याला स्टुडिओत ‘मॉर्ग’ म्हणत. आज त्याचेच रूपांतर डिस्नीच्या अ‍ॅनिमेशन रिसर्च लायब्ररीत झाले असून तिथे साडेसहा कोटींच्या आसपास वस्तू असल्याचे सांगितले जाते. कलेच्या इतिहासाची चिंता म्हणून हे जतन झाले नव्हते. उद्याच्या चित्रपटाला कालचे चित्र उपयोगी पडेल, एवढाच त्यामागचा विचार होता. तरी परिणाम फार मोठा झाला. डिस्नीच्या अ‍ॅनिमेटरांच्या कामाचा बारकाईने अभ्यास होऊ शकतो. वॉर्नर किंवा एमजीएमबद्दल तो तितक्या सहज होत नाही.

पहिले दुकान

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’चा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये झाला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे कलाविक्रेते गुथ्री कूर्व्हाझिए यांनी डिस्नीशी करार केला. चित्रपटात वापरलेल्या सेल ललितकला म्हणून विकण्याची ही पहिली मोठी व्यवस्था. सेलमधले पात्र बहुधा कडेने कापून काढत आणि लाकडी पापुद्र्यावर, ठिपक्यांच्या किंवा चांदण्यांच्या कागदावर, नाहीतर फवाऱ्याने रंगवलेल्या साध्या पार्श्वभूमीवर चिकटवत. वर नीट चौकट आणि नाव. किंमत काही डॉलरांपासून सुरू होई. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने याच सुमारास ‘स्नो व्हाइट’मधल्या दोन गिधाडांचे चित्र आपल्या संग्रहात घेतले आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. १९४२ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘बँबी’च्या निर्मितीवर प्रदर्शन भरवले.

कूर्व्हाझिएंचा व्यवहार १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. आज बाजारात येणाऱ्या ‘स्नो व्हाइट’, ‘पिनोकिओ’, ‘फँटेशिया’, ‘डंबो’ यांच्या कित्येक सेल त्यांच्याच हातून गेलेल्या आहेत. त्यांनी या सेल वाचवल्या, हे निर्विवाद. पण कापताना खुंटीची भोके आणि दृश्यक्रमांक गेले, पात्र आपल्या मूळ दृश्यातून सुटले, आणि वापरलेल्या गोंदाने, काही सेलवर दिलेल्या पारदर्शक आवरणाने पुढे सुरकुत्या आणि डाग पडले. जतन आणि नासधूस एकाच हाताने झाल्याचे हे या छंदातले पहिले उदाहरण. पुढची उदाहरणेही पुष्कळशी याच जातीची आहेत.

१९५५ साली डिस्नीलँड उघडले. त्यातल्या ‘टुमॉरोलँड’ भागात ‘आर्ट कॉर्नर’ नावाचे दुकान होते. ‘लेडी अँड द ट्रँप’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ आणि इतर चित्रपटांच्या सेल तिथे साध्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, मागे सोनेरी चिठ्ठी लावून, अगदी थोडक्या पैशांत मिळत. मुलांनी त्या आठवण म्हणून घरी नेल्या, भिंतीला टाचल्या, पुस्तकांत ठेवल्या. अशा हजारो सेलमधल्या काही पुढे कपाटांतून बाहेर आल्या आणि कुटुंबांना अनपेक्षित रक्कम देऊन गेल्या.

शैली आणि यंत्र

या तीन दशकांत चित्र कसे दिसावे याच्या कल्पनाही बदलत गेल्या, आणि गोळा करणाऱ्याला त्या माहीत असाव्याच लागतात. तिशीच्या दशकाच्या शेवटी डिस्नीत गोलाई, छाया आणि वास्तवाचा भास होता. ‘बँबी’साठी चीनमध्ये जन्मलेल्या टायरस वाँग यांनी काढलेल्या जंगलाच्या चित्रांत तपशील कमी आणि धुके, प्रकाश, मोकळी जागा जास्त होती. ‘सिंड्रेला’ आणि ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या संकल्पनाचित्रांत मेरी ब्लेअर यांनी सपाट, धीट रंग वापरले. १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त आयविंड अर्ल यांची पार्श्वचित्रे मध्ययुगीन हस्तलिखितांसारखी टोकदार आणि बारीक आहेत. त्याच काळात यूपीए या स्टुडिओने डिस्नीच्या गोलाईकडे पाठ फिरवून ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’मध्ये मोजक्या रेषा आणि रिकामी जागा वापरली. या लघुपटाला ऑस्कर मिळाले. वॉर्नरमध्ये मॉरिस नोबल मांडणी करत आणि फिलिप डिगार्ड पार्श्वचित्रे रंगवत. १९५७च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’मधले ते तिरके खांब आणि लाल-जांभळे आकाश या जोडीचे आहे.

यूपीएची मोजकी रेषा दूरचित्रवाणीने पैसा वाचवण्यासाठी उचलली. एमजीएमने १९५७ साली आपला कार्टून विभाग बंद केला. टॉम अँड जेरीला तोवर सात ऑस्कर मिळाली होती, पण त्याचा उपयोग झाला नाही. ते करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले आणि १९६०मध्ये त्यांची ‘फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका आली. हालचाल कमी, चित्रे कमी, खर्च कमी. भारतात १९९५ साली कार्टून नेटवर्क सुरू झाल्यावर आपल्याकडच्या एका पिढीने टॉम अँड जेरी, बग्ज बनी आणि फ्लिंटस्टोन एकाच वाहिनीवर पाहिले. १९४०च्या दशकातल्या टॉमची अंगभर लवचीक धाव आणि १९६०च्या दशकातल्या फ्रेड फ्लिंटस्टोनचे जागेवर फिरणारे पाय यांतला फरक त्या मुलांना कोणी सांगितला नसेल, पण त्यांच्या डोळ्यांनी तो टिपला असणार.

यंत्राने घडवलेला बदल याहून मूलभूत होता. डिस्नीतले अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचे तंत्र सेलसाठी जुळवून घेतले आणि १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये अ‍ॅनिमेटरची पेन्सिल-रेषा थेट पत्र्यावर उमटू लागली. हाताने शाई करण्याची गरज उरली नाही. त्याआधीचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा डिस्नीचा हाताने शाई केलेला शेवटचा भव्य चित्रपट. बाजारात झेरॉक्स-रेषेच्या सेलना सहसा कमी मान मिळतो. मला हे पटत नाही. हाताची शाई सुबक असे, पण ती अ‍ॅनिमेटरच्या रेषेची दुसऱ्या हाताने केलेली नक्कल होती. झेरॉक्सच्या खरखरीत रेषेत अ‍ॅनिमेटरचा स्वतःचा दाब, त्याची दुरुस्ती, त्याचा वेग जसाच्या तसा दिसतो. वॉल्ट डिस्नींना ती रेषा रुचली नव्हती. अभ्यासकाने मात्र तिच्याकडे एक दस्तऐवज म्हणून पाहावे.

लिलावाचा काळ

१९७०च्या दशकापर्यंत हे क्षेत्र थोड्या वेड्या माणसांचे होते. जुने कर्मचारी, त्यांचे मित्र, चित्रपटवेडे. १९८१ साली दोन गोष्टी घडल्या. न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने डिस्नीच्या अ‍ॅनिमेटरांवर प्रदर्शन भरवले, आणि फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांचे ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ हे पुस्तक आले. चित्र कसे हलते, हे ते करणाऱ्यांच्याच शब्दांत जगाला कळले. १९८४मध्ये क्रिस्टीजने न्यू यॉर्कला जॉन बास्माजियन यांचा संग्रह लिलावात काढला. चाळिशीच्या दशकात डिस्नीत काम करताना त्यांनी टाकाऊ ठरलेली चित्रे वाचवून ठेवली होती. हा लिलाव या बाजाराचा उंबरठा मानला जातो. १९८९ साली ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या १९३४च्या कृष्णधवल लघुपटातल्या एका सेलला २,८६,००० डॉलर मिळाले. कधीकाळी पाण्याखाली धरून पुसली जाणारी वस्तू चांगल्या घराच्या किमतीला पोचली.

भाव चढले की नकली माल आणि अर्धसत्ये दोन्ही येतात. स्टुडिओंनी आणि काही कलावंतांनी गोळा करणाऱ्यांसाठीच नव्याने सेल काढायला सुरुवात केली. मर्यादित संख्येच्या, हाताने रंगवलेल्या किंवा जाळीच्या छपाईने केलेल्या या सेल कधीही कॅमेऱ्याखाली गेलेल्या नसतात. चक जोन्स यांनीही आपल्या पात्रांच्या अशा आवृत्त्या काढल्या. त्यांत गैर काही नाही. कलावंताच्या देखरेखीखाली झालेले ते प्रामाणिक काम आहे. अडचण येते ती विक्रेता दोन्हींना एकाच दमात ‘मूळ’ म्हणतो तेव्हा. १९९०च्या दशकात या आवृत्त्यांचा पूर आला आणि त्यांची पुनर्विक्रीची किंमत पुष्कळदा मूळ खरेदीइतकीही राहिली नाही.

खरे कसे ओळखायचे?

सगळ्यात चांगला साक्षीदार चित्रपटच आहे. चांगल्या प्रतीची डिस्क लावून ते दृश्य चौकटीगणिक थांबवायचे आणि हातातली सेल नेमकी कुठे बसते ते शोधायचे. पात्राच्या बोटांची ठेवण, डोळ्यांची दिशा, कडेचे कापलेले भाग जुळले की पुढचे पुरावे तपासायचे: खुंटीच्या भोकांची रचना, दृश्यक्रमांक, पत्र्याचे माप आणि जात, मागचा रंग. १९३०च्या दशकातल्या म्हणून दाखवलेल्या सेलचा पत्रा पुढच्या काळातला निघाला, तर प्रश्न तिथेच संपतो.

सह्यांबाबत विशेष सावध राहावे. कूर्व्हाझिएंच्या काळातल्या कित्येक चौकटींवर आणि भेटचित्रांवर ‘वॉल्ट डिस्नी’ अशी सही आहे, पण ती बहुधा स्टुडिओतल्या कलावंतांनी त्यांच्या वतीने केलेली. हँक पोर्टर यांचे नाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. सेल आणि पार्श्वचित्राची जोडी जुळवून विकण्याचा प्रकारही सर्रास चालतो. दोन्ही खरी असतात, पण वेगवेगळ्या दृश्यांतली, कधी वेगवेगळ्या चित्रपटांतली. असे जोडकाम विक्रेत्याने उघड सांगितले असेल तर हरकत नाही. रंग उडालेल्या जागी पुन्हा रंग भरला असेल तर तेही लेखी नोंदलेले हवे. आणि एक गोष्ट घेणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी: सेल विकत घेतली म्हणजे त्या पात्राचे किंवा चित्राचे हक्क मिळत नाहीत. चित्राच्या प्रती छापण्याचा, त्या विकण्याचा अधिकार स्टुडिओकडेच राहतो.

प्लास्टिकचे आयुष्य

चित्रकलेच्या संग्रहात सेलइतकी नाजूक वस्तू क्वचितच असेल. नायट्रेट पिवळे पडते, आखडते, ठिसूळ होते. त्याची जागा घेणारे अ‍ॅसिटेट तितके पेटत नाही, पण कालांतराने त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागते. कपाट उघडल्यावर शिरक्याचा उग्र वास आला की समजावे, पत्रा मोडायला लागला आहे. सुटणारे आम्ल शेजारच्या सेललाही बाधते. पत्रा आखडतो, वर बसलेला रंग तसाच राहतो, आणि मग रंग सुटून पापुद्रे निघतात.

डिस्नीची अ‍ॅनिमेशन रिसर्च लायब्ररी आणि लॉस एंजेलिसची गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट यांनी २००९पासून या प्रश्नावर एकत्र काम केले. पत्रे नेमके कशाचे आहेत, ते कसे झिजतात, हे त्यांनी तपासले. गोंदावर आधारलेला जुना रंग हवेतला ओलावा नियंत्रित रीतीने वाढवला तर पत्र्याला पुन्हा धरू शकतो, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष. उडालेला रंग खरवडून नवा भरण्याऐवजी जुनाच रंग परत बसवता येतो, म्हणजे तो भरणाऱ्या हाताचा पुरावाही टिकतो. घरगुती संग्राहकाला एवढे पुरते: सेल काचेला टेकू देऊ नये, तिच्यावर आवरण चढवू नये, गोंदाने चिकटवू नये, ऊन आणि दिव्याची धग टाळावी, थंड आणि फार दमट नसलेल्या खोलीत ठेवावी, हवा बंद करू नये, आणि वास येणारी सेल बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करावी. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात हे पाळणे सोपे नाही. ज्याची तयारी नसेल त्याने सेलऐवजी कागदावरची रेखाटने घ्यावीत; ती अधिक सोसतात.

काय हरवू शकते आणि काय परत मिळू शकते, याचे उत्तम उदाहरण जपानमधले आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या निमित्ताने १९६० साली डिस्नीने सुमारे २५० चित्रे जपानला प्रदर्शनासाठी पाठवली. पुढे ती तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला आणि तिथून चिबा विद्यापीठाला मिळाली. विद्यापीठात ती अनेक दशके विसरली गेली आणि २०००च्या दशकात पुन्हा सापडली. १९३२च्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’पासूनची दुर्मीळ चित्रे त्यांत होती. २००८मध्ये विद्यापीठाने ती डिस्नीला परत करायचे ठरवले आणि डिस्नीने विद्यापीठाला दहा लाख डॉलरची देणगी दिली. ज्याने काढले त्याच्याकडे नाही, पण समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाच्या अडगळीत हा ठेवा तग धरून राहिला.

हातांची नावे

आता बाजाराच्या गफलतीकडे वळतो. डिस्नीच्या शाई-रंग विभागात जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. पेनाच्या टोकाने केसाएवढी बारीक, सारख्या जाडीची, तरी जिवंत रेषा काढायला महिनोन् महिने सराव लागे आणि शाई करणाऱ्या स्त्रियांची निवड कडक होती. ‘स्नो व्हाइट’च्या गालांवरची लाली हेलन ओगर यांच्या हातची मानली जाते, ती चौकटीगणिक सारखी ठेवणे हे किती अवघड काम असेल, याची कल्पना कोणत्याही चित्रकाराला येईल. तरी स्त्रियांना अ‍ॅनिमेटर होण्याची वाट जवळजवळ बंद होती. १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओने पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. कार्टूनची सर्जनशील कामे स्त्रिया करत नाहीत, ती तरुण पुरुष करतात, असे त्यात सरळ लिहिलेले आहे. रेटा स्कॉट यांना ‘बँबी’त अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेय मिळाले, ते डिस्नीत कोणत्याही स्त्रीला मिळालेले पहिले. टायरस वाँग यांना त्याच चित्रपटात पार्श्वचित्रकार एवढेच श्रेय लाभले. स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांच्या १९४१च्या संपानंतर त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या कामाची थोरवी जगाने मान्य केली ती कित्येक दशकांनी.

लिलावाच्या सूचीत मात्र मिकीची सेल ‘मिकीची सेल’ म्हणून येते. शाई कोणाची, रंग कोणाचा, हे बहुतेक वेळा नोंदलेलेच नसते आणि आता शोधणे अवघड झाले आहे. अ‍ॅनिमेटरचे नाव रेखाटनांच्या बाबतीत स्टुडिओच्या कागदपत्रांवरून पुष्कळदा ठरवता येते, तरी पेन्सिलचे रेखाटन सेलच्या तुलनेत स्वस्त मिळते. ही स्वस्ताई नवख्या संग्राहकाला वरदान आहे. थोड्या पैशांत त्याला हालचालीचा खरा उगम हाती येतो. एकाच दृश्यातली पाच-सहा लागोपाठची रेखाटने मिळाली तर ती चाळून उडी मारणारा उंदीर तो स्वतः उडवून पाहू शकतो. सर्वांत सुंदर ठेवणीतले एकच चित्र निवडून बाकीची वेगळी विकण्याची रीत म्हणूनच मला नुकसानीची वाटते. संच फुटला की हालचाल फुटते.

डिस्नीने १९९०च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून शाई आणि रंग संगणकावर नेले. जपानमध्ये ‘साझाए-सान’ ही मालिका २०१३पर्यंत सेल वापरत राहिली आणि मग तीही थांबली. म्हणजे हा साठा आता वाढणार नाही. तो फक्त झिजेल किंवा जपला जाईल.

मुंबईचा धागा

या इतिहासाचा एक धागा मुंबईला येऊन पोचतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केला, तो याहून वेगळ्या तंत्राचा. पण १९५६ साली केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आलेले क्लेअर वीक्स हे थेट डिस्नीचे. भारतात जन्मलेले, मिशनरी कुटुंबातले, ‘स्नो व्हाइट’, ‘बँबी’, ‘पीटर पॅन’वर काम केलेले. त्यांनी इथल्या तरुणांना स्टुडिओची शिस्त शिकवली आणि त्यातून जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन याच विभागातून घडले. फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरच्या आवारात आता राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे. त्या पिढीच्या हातचे कागद, सेल आणि मांडणीचित्रे जिथे कुठे असतील, मग ती सरकारी कपाटात असोत की निवृत्त कलावंताच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, त्यांना वरचे सगळे नियम लागू आहेत. आपल्याकडे त्यांचा लिलाव होत नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाहीत. बाजार नसणे ही इथे एक संधीही आहे. संच फुटण्याआधी, भोके कापली जाण्याआधी, नावे पुसली जाण्याआधी नोंदी करता येतील. काम केलेली माणसे अजून आहेत, तोवर कोणत्या दृश्यात कोणाचा हात होता, हे त्यांना विचारून लिहून ठेवता येईल.

अमेरिकेतल्या संग्राहकांकडून घेण्यासारखा धडा तो हाच. त्यांनी कचऱ्यातून जे उचलले, त्यामुळे एक कला टिकली आणि त्यांचे आपण ऋणी आहोत. पण त्यांनी चित्राबरोबर माहिती उचलली नाही तिथे आज अंदाज बांधावे लागतात. चांगला संग्रह मी असा समजतो: त्यातल्या प्रत्येक चित्राला चित्रपटाचे नाव आहे, दृश्य आहे, शक्य तिथे माणसाचे नाव आहे, आधी ते कोणाकडे होते याची नोंद आहे, आणि त्यावर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारीख आहे. अशा संग्रहात प्रसिद्ध पात्र एकही नसले तरी चालेल. तो पुढच्या अभ्यासकाच्या कामी येईल आणि ज्यांनी पाच-पाच हजार चित्रे काढून आपल्याला सात मिनिटे हसवले, त्यांच्या श्रमाला त्यांच्या नावासकट इतिहासात जागा मिळेल.